टेकऑफ रोल नेमका कुठून सुरू करायचा? बाणांचा भाग, इंटरसेक्शन की पूर्ण लांबी

उंचभरारी

नमस्कार मंडळी. मी सेसना १७२ एस या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकते आहे. सोलो झालंय, आता क्रॉस-कंट्रीची तयारी चाललीय. वयाने लहान आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

टेकऑफ रोल, म्हणजे उडण्याआधीची रनवेवरची धाव, कुठून सुरू करायची या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर माझे दोन इन्स्ट्रक्टर अगदी उलट बोलतात. दोघंही अनुभवी आहेत, म्हणून इथे विचारते. आमच्या रनवेवर टेकऑफसाठी २,४०० मीटर मिळतात. त्यातले पहिले १५० मीटर डिस्प्लेस्ड थ्रेशहोल्डच्या, म्हणजे उतरण्यासाठीच्या पुढे सरकवलेल्या सुरुवातीच्या, अलीकडचे. म्हणजे मधल्या रेषेवर पांढरे बाण, मग आडवी पट्टी, मग पियानो कीज (उभ्या पांढऱ्या पट्ट्या) आणि त्यापुढे रनवेचा आकडा. आमच्या एप्रनवरून (विमानं उभी करायच्या जागेवरून) येणारा टॅक्सीवे मात्र रनवेला सुरुवातीपासून ७०० मीटरवर मिळतो. पूर्ण लांबी हवी असेल तर समांतर टॅक्सीवेने मागे जायचं, आणि तिथे कधी कधी मोठ्या विमानांच्या रांगेत थांबायचं.

एक सर म्हणतात, इंटरसेक्शनवरूनच (टॅक्सीवे रनवेला मिळतो तिथूनच) निघ, समोर १,७०० मीटर आहेत आणि १७२ ला ३०० पुरतात. दुसरे सर म्हणतात, बाणांच्या पहिल्या टोकापर्यंत मागे जा, एक मीटरसुद्धा मागे सोडू नकोस. माझ्या बॅचमधल्या एकाचं म्हणणं असं की बाणांचा भाग वापरायचाच नसतो, तिथून रोल सुरू केला तर ते नियमाबाहेर आहे.

तर बरोबर काय? आणि ब्रेक दाबून पूर्ण पॉवर देऊन सोडायचं, की वळता वळता रोलिंग निघायचं? त्याने कितीसा फरक पडतो?

शेपूटवारा

मी तुझ्या पहिल्या सरांच्या बाजूने. इंटरसेक्शन टेकऑफ पूर्णपणे कायदेशीर आहे, अंतर जाहीर केलेलं असतं, तू हिशोब केलास आणि दुपटी-तिपटीने जागा शिल्लक आहे, मग प्रश्न मिटला. उगाच मागे जाऊन रांगेत उभं राहायचं, इंजिन तापवायचं, इंधन जाळायचं याला अर्थ नाही. 'रनवे बिहाइंड यू' (मागे सोडलेला रनवे काही कामाचा नाही) वगैरे म्हणी छान वाटतात, पण हिशोब हा हिशोब. १७२ ला १,७०० मीटर कमी पडतील असा दिवस मी पाहिलेला नाही.

जुनावैमानिक

उंचभरारी, आधी बाणांचं उरकून टाकू, कारण त्यात मतमतांतराला जागाच नाही. पांढऱ्या बाणांचा अर्थ असा की उतरताना इथे चाक टेकवायचं नाही, पण टेकऑफचा रोल इथून सुरू करायला हरकत नाही. उलट दिशेने उतरलेलं विमानही धावत धावत या भागात येऊ शकतं. थ्रेशहोल्ड पुढे सरकवतात तो बहुतेक वेळा अप्रोचच्या वाटेत झाडं, इमारत, विजेच्या तारा असं काहीतरी येतं म्हणून. तो अडथळा टेकऑफच्या वेळी तुझ्या पाठीमागे राहतो आणि खालचं डांबर धडधाकट असतं.

तुझ्या मित्राच्या डोक्यात बहुधा पिवळे शेवरॉन आहेत. 'व्ही' आकाराचे मोठे पिवळे पट्टे दिसले की तो ब्लास्ट पॅड किंवा स्टॉपवे. तिथे टॅक्सी नाही, टेकऑफची सुरुवात नाही, लँडिंगही नाही. जेटच्या झोताने माती उखडू नये म्हणून ब्लास्ट पॅड करतात. स्टॉपवे असतो तो टेकऑफ मध्येच सोडून दिलेल्या विमानाला थांबायला. पांढरे बाण आणि पिवळे शेवरॉन यांत गल्लत करणारा विद्यार्थी दिसला की मी त्याला विमानातून उतरवून आधी नकाशा समोर ठेवायला लावतो.

रात्रीची एक गोष्ट सांगून ठेवतो. बाणांच्या सुरुवातीला उभी राहिलीस तर कडेचे पहिले काही दिवे लाल दिसतील आणि थ्रेशहोल्डपासून पुढे पांढरे. ते तसेच असायला हवेत. हा भाग उतरण्यासाठी नाही हे अप्रोचवर येणाऱ्याला कळावं म्हणून ते त्या बाजूने लाल ठेवलेले असतात.

पण शेवटचा शब्द रंगाचा नाही, एआयपीचा, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहिती देणाऱ्या पुस्तकाचा. प्रत्येक रनवेच्या प्रत्येक दिशेसाठी चार अंतरं जाहीर होतात. टोरा म्हणजे जमिनीवर धावायला मिळणारं अंतर. टोडा म्हणजे त्यात पुढचा मोकळा क्लिअरवे मिळवून येणारं. अस्डा म्हणजे वेग घेऊन टेकऑफ सोडावा लागला तर थांबेपर्यंत मिळणारं, त्यात स्टॉपवे धरतात. आणि एलडीए म्हणजे उतरण्यासाठीचं. तुझ्या रनवेचा टोरा २,४०० आणि एलडीए २,२५० असा छापलेला असेल तर बाणांचे १५० मीटर टेकऑफमध्ये मोजलेले आहेत, वाद संपला. निघण्याआधी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघ. काम चालू असेल तर हेच आकडे त्या दिवसापुरते बदललेले असतात आणि रंग मात्र जुनाच राहिलेला असतो.

आता इंटरसेक्शन. शेपूटवारा यांचा हिशोब चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. इंजिन नीट चाललं तर किती जागा लागेल, एवढंच त्यात आहे. बाकीचा अर्धा मी सांगतो.

पहिल्यांदा ते '३०० मीटर' तपासू. १७२ एस च्या पीओएचमध्ये (विमानाच्या माहितीपुस्तकात) २,५५० पौंड वजनाला, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानाला, वारा शून्य असताना जमिनीवरचा रोल ९६० फूट आहे, म्हणजे साधारण २९३ मीटर. ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत १,६३० फूट, म्हणजे जवळजवळ ५०० मीटर. हे आकडे कोरड्या, सपाट, पक्क्या रनवेवरचे आहेत, आणि शॉर्ट फील्ड पद्धतीने, म्हणजे फ्लॅप १० अंश, ब्रेक दाबून पूर्ण पॉवर, मग ब्रेक सोडायचे, असं उडवून काढलेले. तापमान वाढलं, उंची वाढली, की आकडा फुगतो. प्रमाणित तापमानापेक्षा हवा जेवढी गरम, त्या प्रत्येक अंशामागे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) साधारण १२० फुटांनी वर चढतो. कोरडं गवत असेल तर रोलच्या १५ टक्के वाढव. शेपटीकडून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के. समोरून वारा असेल तर १० टक्के कमी व्हायला ९ नॉट लागतात. ही विषमता डोक्यात ठेव. थोडासाच शेपूटवारा आहे, चालतंय, असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मला मनापासून महत्त्वाची वाटते. सुरुवातीला १०० मीटर सोडले की आपल्याला वाटतं, आपण संथ वेगाचे, बिनमहत्त्वाचे १०० मीटर सोडले. तसं नसतं. रोल तेवढाच लांब राहतो, तो सगळा पुढे सरकतो. म्हणजे आपण कापतो ते पलीकडच्या टोकाचे १०० मीटर. आणि तिथले १०० मीटर फार वेगळे असतात. समज टेकऑफ सोडावा लागला आणि तू ब्रेक लावलेस. कोरड्या रनवेवर दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग उतरतोय असं धर. तर थांबण्याआधीच्या शेवटच्या १०० मीटरच्या तोंडाशी तुझा वेग किती असेल? गणित कर, साधारण ४८ नॉट येतो. म्हणजे नेमके ते १०० मीटर नसतील तर तू ४८ नॉटने डांबराबाहेर, गवतात, कुंपणात जाशील. सुरुवातीला जे अंतर चालण्याच्या वेगाने गेलं असतं, त्याची ही शेवटची किंमत आहे.

'पण १७२ ला १,७०० मीटरमध्ये टेकऑफ सोडून थांबता येतं' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण घेऊ, हवेतलं. उडाल्यानंतर २५० फुटांवर इंजिन बंद पडलं. मागे वळायचं नाही हे तुला शिकवलेलंच आहे. मग समोर काय आहे?

ढोबळ आकडे मांडतो. ५० फुटांपर्यंत ५०० मीटर. पुढचे २०० फूट मिनिटाला ७०० फूट दराने, ७४ नॉटने चढलीस तर आणखी साडेसहाशे मीटर. म्हणजे २५० फुटांवर तू सुरुवातीपासून ११५० मीटरवर आहेस. इंजिन गेलंय हे उमजून नाक खाली घालेपर्यंत चार सेकंद गेले, त्यात दीडशे मीटर. १७२ इंजिनाविना उंचीच्या साधारण नऊपट पुढे तरंगते, म्हणजे २५० फुटांवरून सुमारे ७०० मीटर. उतरल्यावर थांबायला पावणेदोनशे मीटर. बेरीज जवळजवळ २,२०० मीटर. फ्लॅप लावलेस तर त्याहून कमीच.

बाणांच्या टोकापासून निघाली असतीस तर ही सगळी गोष्ट २,४०० मीटरच्या रनवेवरच संपते. सरळ समोर, चाकं डांबरावर, विमान शाबूत. इंटरसेक्शनवरून निघाली असतीस तर तुझ्यापाशी १,७०० आहेत आणि लागणार २,२००. मग रनवेच्या पलीकडे जे काही असेल त्यात उतरायचं. तेच विमान, तोच बिघाड, तीच उंची.

म्हणून मी तुझ्या दुसऱ्या सरांच्या बाजूने आहे. इंटरसेक्शन कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. चार हजार मीटरच्या रनवेवर तीन हजार शिल्लक ठेवून निघणाऱ्या छोट्या विमानाला मी अडवणार नाही. पण २,४०० मधले ७०० देऊन टाकायचे तर त्या बदल्यात काय मिळतंय ते विचार. काही मिनिटं. ती देण्यासारखी आहेत.

आता नेमकं उभं कसं राहायचं. होल्डिंग पॉइंटवरून (रनवेआधी थांबण्याच्या जागेवरून) आत शिरताना बाणांच्या मागच्या टोकाकडे झुकतं वळण घे, म्हणजे वळण्यातच तीस-चाळीस मीटर खर्च होणार नाहीत. मध्यरेषेवर आलीस की एक-दोन मीटर सरळ पुढे जाऊ दे. नोजव्हील सरळ होतं ते तेवढ्यात. वाकड्या नोजव्हीलवर पॉवर दिली की विमान पहिल्या झटक्यालाच कडेला ओढतं आणि सगळं लक्ष पायांत जातं. मग हेडिंग इंडिकेटर बघ आणि रनवेच्या आकड्याशी ताडून पाह. २७ असेल तर २७० च्या आसपास काटा हवा. बाणांवरून निघताना हे विसरायला फार सोपं जातं, कारण आकडा नाकासमोर नसतो, दीडशे मीटर पुढे असतो.

या काट्याला मी एवढं का महत्त्व देतो? २७ ऑगस्ट २००६ ला लेक्झिंग्टनला पहाटेच्या अंधारात एक प्रवासी जेट रनवे २२ ऐवजी २६ वर उभं राहिलं आणि निघालं. २२ ची लांबी ७,००३ फूट, २६ ची ३,५००. विमानातल्या ५० जणांपैकी ४९ गेले. हेडिंग ४० अंशांनी वेगळं होतं आणि ते दाखवणारी उपकरणं समोरच होती. रोल कुठून सुरू करायचा या प्रश्नात 'कोणत्या रनवेवर' हाही प्रश्न आला, तो वेगळा काढता येत नाही.

ब्रेक दाबून की रोलिंग? शिकते आहेस तोवर थांबून, ब्रेक दाबून, पूर्ण पॉवर देऊन आरपीएम बघ. १७२ एस ला उभ्या विमानात २,३०० ते २,४०० च्या मधे यायला हवेत. त्याहून कमी असतील तर रोल सुरूच करायचा नाही, आणि हे कळण्याची सर्वांत स्वस्त जागा रनवेची सुरुवात आहे. शिवाय पीओएचचे आकडे त्याच पद्धतीचे आहेत, हे वर म्हटलंच. रोलिंग निघालीस तर तुझा रोल त्या आकड्यांशी जुळेलच असं धरू नकोस. अपवाद दोन. खडी किंवा मुरूम असेल तर उभ्या विमानात पूर्ण पॉवर दिली की प्रोपेलर दगड उचलतो आणि पात्यांना खाचा पडतात. आणि मऊ, ओल्या जमिनीवर थांबलीस तर चाक रुतेल. अशा ठिकाणी चालत राहायचं आणि पॉवर हळूहळू वाढवायची.

टॉवरवरून

मी कंट्रोलर आहे, आमच्या बाजूचं थोडं सांगते.

आम्ही इंटरसेक्शन सुचवतो ते वाहतूक पुढे सरकावी म्हणून. नकार देण्याचा हक्क पायलटचा आहे आणि आम्हाला त्याचा राग येत नाही. फक्त लवकर सांगा. टॅक्सीच्या पहिल्याच कॉलला 'रिक्वेस्ट फुल लेंग्थ' म्हटलंत तर मी तुम्हाला रांगेत योग्य जागी घालते. होल्डिंग पॉइंटवर येऊन म्हटलंत तर मागच्या सगळ्यांची घडी विस्कटते.

आणि वेळ वाचतो हे दरवेळी खरं नाही. मोठ्या विमानामागून छोटं विमान त्याच जागेवरून निघणार असेल तर वेक टर्ब्युलन्ससाठी (मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांसाठी) मी २ मिनिटं थांबवते. तेच छोटं विमान इंटरसेक्शनवरून निघणार असेल तर ३ मिनिटं. कारण मोठ्या विमानाचे भोवरे ते नाक उचलतं तिथून सुरू होतात. तुम्ही अगदी मागून निघालात तर त्याच्या उचलण्याच्या जागेच्या बऱ्याच आधी हवेत असता आणि त्याच्या वाटेच्या वर राहता. इंटरसेक्शनवरून निघालात तर तुमची चाकं सुटण्याची जागा त्याच भोवऱ्यांकडे सरकते. त्यामुळे मोठ्या विमानांची रांग असेल तेव्हा इंटरसेक्शन घेऊन घड्याळात काहीच हाती लागत नाही असं बऱ्याचदा होतं.

अजून एक. क्लिअरन्समध्ये इंटरसेक्शनचं नाव असेल तर रीडबॅकमध्ये (सूचना परत म्हणून दाखवताना) ते नाव म्हणा. 'क्लिअर्ड फॉर टेकऑफ' एवढंच परत म्हटलंत तर तुम्ही नेमके कुठे उभे आहात असं समजताय, ते मला कळत नाही. रात्री, पावसात, टॉवरच्या काचेतून छोटं विमान कुठल्या टॅक्सीवेच्या तोंडाशी आहे हे दरवेळी दिसत नाही.

उजवी_सीट

मी ए३२० या प्रवासी जेटवर फर्स्ट ऑफिसर. जुनावैमानिक यांनी जे सांगितलं त्याचंच एअरलाइनमधलं रूप सांगतो, कारण आमच्याकडे 'कुठून' हा प्रश्न मीटरमध्ये सोडवलेला असतो.

विमान ९० अंशात वळून मध्यरेषेवर येतं तेव्हा ते रनवेच्या पहिल्या इंचावर उभं राहूच शकत नाही. वळण्यात काही अंतर जातं आणि ते हिशोबातून वजा करावं लागतं. ए३२० साठी टेकऑफच्या अंतरातून साधारण ११ मीटर, आणि टेकऑफ सोडून थांबण्याच्या अंतरातून साधारण २४ मीटर. दोन आकडे वेगळे का? टेकऑफचं अंतर मागच्या मुख्य चाकांपासून मोजतात, थांबण्याचं नोजव्हीलपासून. दोन चाकांमध्ये साडेबारा मीटरहून थोडं जास्त अंतर आहे, तेवढाच हा फरक. ११ मीटरचा विचार करणारी ही पद्धत बघितली की ७०० मीटर सहज सोडून देण्याबद्दल बोलताना जरा थबकायला होतं.

पूर्ण लांबीचा आम्हाला आणखी एक उपयोग आहे. जास्त रनवे असेल तर इंजिनाचा जोर कमी ठेवून टेकऑफ करता येतो, जास्तीत जास्त २५ टक्क्यांनी कमी. त्याने इंजिनाचं आयुष्य वाढतं. इंटरसेक्शन घेतलं की तोच फरक जोर वाढवून भरून काढावा लागतो. म्हणजे दोन्हीकडे कागदावरची सुरक्षितता सारखी ठेवता येते. धोका असतो तो हिशोब एका जागेचा आणि विमान दुसऱ्या जागेवर, असं झालं तर.

हे फक्त पुस्तकातलं नाही. २६ सप्टेंबर २००९ ला सेंट किट्सला एका बोइंग ७७७ चा हिशोब ब्राव्हो इंटरसेक्शनवरून केला होता, १,९१५ मीटर धरून. विमान प्रत्यक्षात निघालं अल्फावरून, जिथून १,२२० मीटरच होते. पुढचा टप्पा अँटिग्वापर्यंतचा, छोटाच, त्यामुळे विमान हलकं होतं आणि सुखरूप उडालं. १५ सप्टेंबर २०१५ ला मायामीला दुसऱ्या एका ७७७ ने पूर्ण लांबीच्या हिशोबावर टी१ इंटरसेक्शनवरून टेकऑफ केला, हजार मीटरहून जास्त रनवे मागे सोडून. पलीकडच्या टोकाचे अप्रोच लाइट विमानाला लागले. ते तसंच दोहाला गेलं आणि नुकसान झालंय हे तिथे उतरल्यावर कळलं. दोन्हीकडे उडवणारे शिकाऊ नव्हते आणि विमानही ठीक होतं.

म्हणून आमच्याकडे रनवेवर शिरताना दोघंही पाटी वाचतात आणि इंटरसेक्शनचं नाव मोठ्याने म्हणतात, मग हिशोबातलं नाव वाचतात. दोन्ही जुळली तरच पुढे. इंटरसेक्शनवरून जायचं असेल तर फ्लाइट मॅनेजमेंटमध्ये 'टेकऑफ शिफ्ट' म्हणून एक जागा आहे, थ्रेशहोल्डपासून किती पुढून निघतोय ते तिथे मीटरमध्ये भरतात. उंचभरारी, तुझ्या १७२ मध्ये यातलं काही नसेल, पण पाटी वाचणं आणि मोठ्याने बोलणं यासाठी यंत्र लागत नाही.

शेपूटवारा

जुनावैमानिक, २५० फुटांचं उदाहरण पटलं. मी हिशोब फक्त टेकऑफचा करत होतो, त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाचा नाही. तरी माझा मुद्दा उरतोच की कधी कधी पर्याय नसतो. समांतर टॅक्सीवे बंद असेल आणि बॅकट्रॅक (रनवेवरूनच मागे जायची परवानगी) मिळत नसेल तर इंटरसेक्शन घ्यावंच लागतं. तेव्हा काय करायचं हेही तिला माहीत हवं.

उंचभरारी

सगळ्यांचे खूप आभार. एआयपी उघडून बघितलं, टोरा २,४०० आणि एलडीए २,२५० असंच आहे. बॅचमधल्या मित्रालाही दाखवलं, त्याला शेवरॉनच वाटत होते.

शेपूटवारा म्हणतात त्या प्रसंगासाठी विचारते. इंटरसेक्शन घ्यावंच लागलं तर रोल नीट चाललाय की नाही हे कसं ओळखायचं? पुस्तकात ५०-७० चा नियम वाचला, अर्ध्या रनवेपर्यंत ७० टक्के वेग आला नाही तर सोडून द्यायचं. पण १,७०० चं अर्धं ८५० होतं आणि तोवर मी हवेत असायला हवी. मग तो नियम माझ्या काय उपयोगाचा?

जुनावैमानिक

प्रश्न चांगला विचारलास. तो नियम छोट्या पट्टीसाठी आहे, जिथे रनवे आणि गरज जवळजवळ सारखीच असते. त्यामागचं गणित मात्र सगळीकडे लागू पडतं. प्रवेग एकसारखा धरला तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ७० टक्के वेगाला ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९, जवळजवळ अर्धं अंतर. उरलेल्या ३० टक्के वेगाला उरलेलं अर्धं अंतर लागतं. म्हणून 'अर्धा रनवे' ऐवजी 'हिशोबाने काढलेल्या रोलचं अर्धं' असं घे.

समज त्या दिवशीच्या गरम हवेत तुझा रोल ४०० मीटर आला. ५५ नॉटला नाक उचलणार असशील तर २०० मीटरवर ३८-३९ नॉट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर पॉवर बंद, ब्रेक, थांब. कारण शोधत बसायचं नाही, ते एप्रनवर परत येऊन शोधायचं.

आता २०० मीटर आणि ४०० मीटर ओळखायचे कसे? बाणांच्या टोकापासून निघालीस तर रनवेनेच तुला खूण देऊन ठेवलीय. एलडीए १,२०० ते २,४०० च्या मधे असेल तर एमिंग पॉइंटचे (उतरताना नेम धरायच्या जागेचे) दोन जाड पांढरे पट्टे थ्रेशहोल्डपासून ३०० मीटरवर सुरू होतात. तुझा थ्रेशहोल्ड १५० मीटर पुढे आहे, म्हणजे ते पट्टे तुझ्यापासून ४५० वर. तिथे पोचेपर्यंत चाकं सुटलेली हवीत. आणि अर्ध्याची खूण शोधायची गरज नाही, पियानो कीज ओलांडल्या की लगेच वेग बघ.

इंटरसेक्शनवरून निघशील तेव्हा हे पट्टे तुझ्या मागे राहिलेले असतील, म्हणून तिथे कडेचे दिवे मोज. इन्स्ट्रुमेंट रनवेवर ते जास्तीत जास्त ६० मीटरवर असतात. तुझ्याकडे नेमके किती अंतरावर आहेत ते आधी विचारून घे, सगळीकडे सारखे नसतात. ६० धरलेस तर तिसऱ्या-चौथ्या दिव्याला ३८ नॉट, सातव्याला हवेत. सातवा गेला आणि चाकं जमिनीवरच असतील तर सोडून दे. तेव्हा तुझ्यासमोर १,२०० मीटरहून जास्त रनवे आहे, थांबायला भरपूर.

४ नॉट शेपूटवारा असेल त्या दिवशी तोच रोल २० टक्क्यांनी वाढून ४८० होतो, म्हणजे सातवा नाही, आठवा दिवा. हा आकडा रनवेवर शिरण्याआधी नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लिहून ठेव. आणि त्या दिवशी आधी टॉवरला विचार की दुसऱ्या दिशेने टेकऑफ मिळेल का. तोच वारा तुला समोरून मिळेल.